सकाळची गोळी खिशात

राजापूरहून रात्रीच्या एसटीने निघालेला फिट्सचा पेशंट सकाळी परळला उतरतो, तेव्हा सकाळची गोळी त्याच्या खिशातच असायला हवी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं : ‘फेनिटॉइन लेव्हल’. फिट्सवरच्या या औषधाची रक्तातली पातळी मोजायला रक्त पुढच्या डोसच्या आधी घ्यायचं, औषधाचं प्रमाण सगळ्यात खाली असताना. गोळी घेतल्यावर सुई टोचली, तर आकडा फुगलेला दिसतो आणि त्यावरून ठरवलेला डोस चुकतो. म्हणून शेवटची गोळी किती वाजता घेतली, हे आधी विचारून फॉर्मवर लिहायचं.

‘एप्टॉइन’ म्हणून घरोघरी माहीत असलेलं हे औषध मोठं अवघड. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये 10 ते 20 मायक्रोग्रॅम, एवढीच त्याची साधारण पट्टी. यकृताची ते मोडण्याची ताकद संपत आली की डोस जरासा वाढवला तरी पातळी एकदम उसळते. मग बुबुळं थरथरतात, चालताना तोल जातो, जीभ जड होते. घरच्यांना वाटतं, आजारच वाढला!

दुसरं औषध आलं की हिशेब आणखी बदलतो. क्षयावरचं आयसोनियाझिड फेनिटॉइनची पातळी चढवतं, त्याच्याच जोडीचं रिफाम्पिसिन ती उतरवतं. फिट्सवरच्याच व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण दुप्पट होतं. लॅमोट्रिजिनचा डोस बेताने वाढवला नाही, तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं.

रक्तातली पातळी मोजून डोस ठरवण्याची पद्धत भारतात आली 1980 च्या दशकात. तिचं मोल कळतं ते मुंबईतल्याच एका नोंदीवरून. फेनिटॉइन चालू असलेल्या दोन पेशंटांच्या फिट्स आवरेनात. दोघंही शंखपुष्पीचं आयुर्वेदिक औषध घेत होते. परळच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी उंदरांवर तपासलं, तेव्हा दोन्ही औषधं काही दिवस सोबत दिल्यावर रक्तातलं फेनिटॉइन घटलं, त्याचा परिणामही घटला. 1992 साली हे प्रसिद्ध झालं. बुद्धिवर्धक म्हणून शंखपुष्पीचं सिरप आजही घरोघरी असतं, आणि ‘ते काय औषध आहे?’ म्हणून डॉक्टरांना सांगितलंच जात नाही.

तेव्हा तपासायला जाताना घरातली प्रत्येक बाटली, पुडी, काढा पिशवीत घालून न्या. आणि फिट्सची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने न थांबणारी फिट येऊ शकते.