नागद्वारच्या वाटेवरची चूल

आषाढ वद्यात नागपूरच्या बसस्थानकावर पचमढीच्या गाड्यांना गर्दी होऊ लागते. पचमढीहून सातपुड्यातल्या नागद्वारच्या गुहेकडे जाणारी वाट एरवी वर्षभर बंद असते, कारण ती व्याघ्र प्रकल्पातून जाते. नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस तेवढी ती उघडते. पचमढी एकेकाळी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती आणि मुख्य राजधानी नागपूर. 1956 साली मधे राज्याची सीमा आली, तरी विदर्भातली माणसं या वाटेवर येतच राहिली.

सौंसर, छिंदवाडा, तामिया करत गाडी पचमढीला पोचते. तिथून जीप जलगलीपर्यंत नेते. पुढे सगळं पायी, आणि तेही भर पावसात.

या वाटेवर माझं लक्ष गुहेआधी डोक्यांवरच्या ओझ्यांकडे गेलं. तांदळाची पोती, तेलाचे डबे, गॅसची टाकी, भलंमोठं पातेलं, सगळं माणसाच्या डोक्यावरून किंवा पाठीवरून जातं. पातेलं नेणारा ते उपडं करून डोक्यावर घेतो. त्याला समोरचं फारसं दिसत नाही, म्हणून पुढचा साथीदार प्रत्येक वळणाला ओरडून सांगतो. उतारावर रिकामे हात असलेल्यांनी डोंगराच्या अंगाला सरकायचं आणि ओझेवाल्याला वाट द्यायची, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

काजरीच्या आसपास नागपूर-विदर्भातल्या सेवा मंडळांचे मांडव लागतात. ताडपत्रीखाली चुली धडाडत असतात. ओली लाकडं पेटता पेटत नाहीत, धुराने डोळे चुरचुरतात. एका मांडवात चार बाया पोळ्या लाटत होत्या, एक जण खिचडी ढवळत होता. भिजलेला माणूस दिसला की हाक येई, ‘‘या जी भगत, बसा, गरम हाय.’’ पैसे कुणी मागत नाही. इथली शिस्त एकच: पानात घेतलेलं टाकायचं नाही. ते इथवर कसं आलं, हे प्रत्येकाने वाटेत पाहिलेलं असतं.

पचमढीचा डोंगर वालुकाश्माचा. उभ्या भेगांतून पाणी मुरत, झिरपत दगड झिजला आणि त्यातून इथल्या कपारी, गुहा तयार झाल्या. नागद्वारची गुहा अशीच अरुंद आहे. तिच्यापर्यंत पोचताना अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. ‘‘घाई नोका करू, दगड चिकना हाय,’’ शिडीशी उभा असलेला पोरगा एकेकाला सांगत होता. आत वाकून जायचं; अंगावर पाणी ठिबकतं, पुढच्याची पाठ तेवढी दिसते. शिवलिंगाला काजळ लावून नवस बोलायची इथली रीत आहे. मागून ‘हर बोला हर हर महादेव’चा गजर येतो आणि रांग आपल्याला पुढे ढकलते. एवढ्या चालीनंतर दर्शन क्षणभराचंच.

नागपंचमी झाली की मांडव उतरतात. पातेली आली तशीच डोक्यावरून परततात. पण भाविकांच्या बाटल्या, फाटके रेनकोट, रिकामी पाकिटं मागे पडून राहतात, आणि ती वाघाच्या आणि रानगव्याच्या जंगलात पडलेली असतात. तांदळाचं पोतं वर चढवणारी माणसं याच वाटेवर भेटतात. मग रिकामी बाटली खाली आणणं कुणालाच जड नाही. यंदा नागद्वारला जाणार असाल, तर पिशवीत काजळाच्या डबीशेजारी कचऱ्यासाठी एक रिकामी थैली ठेवा आणि ती भरूनच पचमढीला उतरा.