‘ड’ जीवनसत्त्व आणि आरोग्यखर्चाचा हिशेब

सूर्यप्रकाश विनामूल्य मिळतो. परंतु त्याला पारखे झाल्याने उद्‌भवणाऱ्या विकारांचे उपचार महाग पडतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. अन्नातील कॅल्शियम आतड्यांतून शोषले जाण्यास ते आवश्यक असते. त्याची तीव्र उणीव राहिल्यास बालकांना मुडदूस होतो, प्रौढांची हाडे मऊ पडतात आणि वृद्धांची हाडे मोडण्याचा धोका वाढतो. ही उणीव वेळीच भरून काढल्यास रुग्णालयांवरील भार हलका होतो काय, हा सार्वजनिक निधीच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांत मुडदुसाचे प्रमाण मोठे होते. 1979 मध्ये तेथे या मुलांना ‘ड’ जीवनसत्त्व विनामूल्य देण्याची मोहीम सुरू झाली. त्यानंतर मुडदुसासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या झपाट्याने घटली. फ्रान्समधील वृद्धाश्रमांत राहणाऱ्या 3,270 वृद्ध महिलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज 800 एकके ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम दीड वर्ष नियमित घेणाऱ्या महिलांत खुब्याचे हाड मोडण्याचे प्रकार 43 टक्क्यांनी कमी आढळले. असा प्रत्येक अस्थिभंग टळला की शस्त्रक्रिया, दीर्घ शुश्रूषा आणि घरातील माणसाची बुडणारी मजुरीही टळते.

तथापि, याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत 25,871 प्रौढांवर झालेल्या चाचणीत सहभागींची निवड उणिवेच्या निकषावर केलेली नव्हती. त्यांपैकी रोज 2,000 एकके घेणाऱ्यांत अस्थिभंग कमी झाले नाहीत, असे 2022 मध्ये दिसून आले. ऑस्ट्रेलियात रक्ततपासण्यांची संख्या इतकी वाढली की, नोव्हेंबर 2014 पासून शासकीय अर्थसाहाय्य जोखमीच्या व्यक्तींपुरते मर्यादित करावे लागले. सारांश, उणीव असेल तेथे उपचार बचत घडवितात. सरसकट तपासण्या व गोळ्या मात्र खर्चच वाढवितात.

आपल्याकडे 2018 च्या नियमांनुसार दूध व खाद्यतेल ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वांनी समृद्ध करण्याची मानके ठरलेली आहेत. शाळा आणि ग्रामपंचायतींनाही पुष्कळ करता येईल. आपली सावली उंचीपेक्षा आखूड पडते, त्या वेळच्या उन्हात आवश्यक किरणे अधिक असतात. म्हणून मुलांचा थोडा वेळ मैदानावर जावा. पाय वाकलेले बालक, सतत घरात राहणारी गरोदर माता वा अंथरुणाला खिळलेले वृद्ध आढळल्यास त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राचा सल्ला मिळवून द्यावा. औषध परस्पर घेऊ नये. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होते.

गरजूंपर्यंत वेळेवर पोचलेली अल्प मात्रा, हीच या बाबतीत खरी काटकसर होय.