टोपीच्या सावलीतला चेहरा

मुंबईच्या ओव्हल, आझाद किंवा शिवाजी पार्क मैदानावर सुटीच्या सकाळी जे सामने रंगतात, त्यांची छायाचित्रे घेऊ पाहणारा नवशिका बहुधा एकाच समजुतीने घराबाहेर पडतो, की ऊन लख्ख पडले आहे, तेव्हा निम्मे काम आपोआप झाले. ही समजूत अर्धीच खरी आहे. प्रखर ऊन वेगाला खिळवण्याचे सामर्थ्य छायाचित्रकाराला फुकट बहाल करते खरे. परंतु तेच ऊन खेळाडूचा चेहरा टोपीच्या काळ्याभोर सावलीत दडवून ठेवते, आणि तो बाहेर काढण्यासाठी मैदानाची, सूर्याची व खेळाची नीट माहिती लागते.

आधी वेगाचा हिशेब पाहू. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू सेकंदाला सुमारे ३३ मीटर अंतर कापतो. शटर १/२५० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात तो १३ सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि त्याचा व्यासच जेमतेम ७ सेंटिमीटर असल्यामुळे चित्रात एक तांबडा फराटा तेवढा उमटतो. १/२००० सेकंदात मात्र तो पावणेदोन सेंटिमीटरही हलत नाही. फिल्मच्या जमान्यापासून चालत आलेला ठोकताळा असा, की निरभ्र उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि आयएसओचा जो आकडा असेल, सेकंदाचा तितकावा भाग शटरला द्यावा. त्या हिशेबाने आयएसओ २०० आणि छिद्र एफ/५.६ ठेवल्यास १/१६०० सेकंदाचा वेग मिळतो. म्हणजे बेताच्या किमतीच्या लेन्सनेही काम भागते.

खरी फसगत पांढऱ्या कपड्यांपाशी होते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या दृश्याला मध्यम करडे मानून चालतो. त्यामुळे चौकट पांढऱ्या सदऱ्याने भरली की चित्र मळकट येते, आणि मागे वडाची गर्द झाडी असली की तोच सदरा असा जळून जातो, की त्यावरची एकही चुणी शिल्लक राहत नाही. सावलीतला तपशील मागाहून काही अंशी उजळता येतो, पण जळालेले पांढरे परत मिळत नाही. म्हणून उन्हातल्या हिरवळीवर एकदा मोजमाप घेऊन आकडे हाताने कायम करावेत, आणि ढग आल्याखेरीज ते बदलू नयेत, हा शहाणपणाचा दस्तूर होय.

आता चेहऱ्याकडे वळू. फलंदाजाच्या डोळ्यांत ऊन जाऊ नये म्हणून खेळपट्टी शक्यतो दक्षिणोत्तर आखतात. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज डावा खांदा गोलंदाजाकडे करून उभा राहतो. तेव्हा दक्षिणेच्या टोकाला तो असला की त्याचे तोंड पूर्वेकडे होते, आणि उत्तरेच्या टोकाला गेला की पश्चिमेकडे. म्हणजे सकाळी पूर्वेच्या सीमारेषेवर सूर्य पाठीशी घेऊन बसणाऱ्याला दक्षिणेकडच्या उजव्या फलंदाजाचा चेहरा स्वच्छ दिसतो. षटक बदलून खेळ दुसऱ्या टोकाला गेला, की तोच फलंदाज त्याच्याकडे पाठ फिरवून उभा. डावखुऱ्याचे सगळे याच्या उलट. दुपारनंतर पश्चिमेकडे जागा बदलावी. ओव्हलवर तसे केल्यास मावळतीच्या उन्हात उजळलेला राजाबाई टॉवरही पार्श्वभूमीला लाभतो.

माध्यान्हीचे गणित ऋतूप्रमाणे पालटते. मेच्या मध्यावर मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो, तर डिसेंबरात भर दुपारीही तो दक्षिणेकडे कललेला असतो आणि टोपीखाली थोडाफार शिरकाव करतो. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागली, की कितीही महागड्या लेन्समधून चित्र विरघळल्यासारखे येते. त्यावर सकाळी लवकर येण्यावाचून इलाज नाही. तरीही दुपारच्या खेळात काही क्षण हमखास हाती लागतात. उंच उडालेल्या झेलाखाली क्षेत्ररक्षक मान मागे टाकतो, टोपीची कड आभाळाकडे वळते, डोळे किलकिले होतात, आणि इतका वेळ अंधारात असलेला सबंध चेहरा कपाळावरच्या घामासकट उन्हात येतो. अपील करताना पंचाकडे वळलेला गोलंदाज, किंवा चेंडू टाकताना उसळी घेऊन हनुवटी उचलणारा गोलंदाज, हेही त्याच जातीचे मोके.

आझाद मैदानावर एका सामन्याचे क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या हद्दीत उभे असतात, म्हणून चौकटीत परका खेळाडू घुसतो. छिद्र मोठे ठेवून त्याला धूसर करावे. साइटस्क्रीनसमोर हालचाल करून फलंदाजाचे लक्ष विचलित करण्याची मुभा मात्र कोणालाही नाही.

सारांश, या कामात पैशाने विकत घेण्याची सामग्री थोडी आणि आधी विचारून घेण्याची माहिती फार. दिशा पाहून जागा धरणारा, आणि गुणलेखकाजवळ जाऊन पुढचा फलंदाज डावखुरा आहे काय एवढे विचारून घेणारा छायाचित्रकार, तोफेएवढी लेन्स घेऊन भलत्या बाजूला बसलेल्या माणसापेक्षा बरेच अधिक चेहरे घेऊन घरी जातो.