होशंगाबादचे विज्ञान
मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या स्थानिक संस्थांनी पुढाकार घेतला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक येऊन गावच्या शिक्षकांबरोबर प्रयोग करून पाहत. नुसती भाषणे झोडून परतत नसत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती, शिवाय प्रयोगांचीही परीक्षा होई. सरकारी यंत्रणेने हे चालू दिले, याचेच नवल वाटते. १९८२ पासून एकलव्य संस्थेने धुरा वाहिली. २००२ मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम गुंडाळला. याच कार्यक्रमात काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी घडवणारे अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत मुलांसाठी काम करू लागले.