जुनी पांढरी वाइन आणि थांबण्याची किंमत

'वाइन जितकी जुनी तितकी उत्तम' हे वाक्य आपण सर्वांनीच ऐकले आहे. हे वाक्य बहुतांशी चुकीचे आहे, हे मला नाशिकला मामांकडे गेलो तेव्हा समजले. जगातील बहुतेक वाइन, विशेषतः पांढरी, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. जुनी होऊन सुधारते ती थोडीच. ती का सुधारते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथमच सांगून टाकतो. आपल्याकडे एकवीस वर्षांखालील व्यक्तीला मद्य विकण्यास मनाई आहे आणि मी वीस वर्षांचा आहे. त्यामुळे मी रंग पाहिला व वास घेतला, चव मामांची.

मामांच्या बागेला लागून एक कुटुंब स्वतःच्याच द्राक्षांची थोडीशी वाइन करते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मामांना शेनिन ब्लां या जातीच्या दोन बाटल्या दिल्या. मामांनी एक घरी आणून पत्र्याखालच्या खोलीत कपाटावर ठेवली. दुसरी त्या कुटुंबाच्या तळघरातच राहिली. त्या संध्याकाळी दोन्ही एकदम उघडल्या. कपाटावरची चहासारखी तांबूस झाली होती आणि तिला कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास येत होता. तळघरातली मात्र सोनेरी होती. मध, जर्दाळू आणि भाजलेले बदाम यांचा वास तिच्यातून हळूहळू वर येत होता. मामा एक घोट घेऊन बराच वेळ काही बोललेच नाहीत.

द्राक्षे तीच, वर्ष तेच. मग फरक कशाने पडला?

पांढऱ्या वाइनमध्ये तांबड्या वाइनसारखा सालीतला तुरटपणा जवळजवळ नसतो. तिला टिकवून धरते ती मुख्यतः आंबटपणाची धार. काही वाइनमध्ये थोडी उरलेली साखरही मदत करते. शेनिन ब्लां ही मुळातच आंबट जात. फ्रान्समधील ल्वार नदीकाठच्या वूव्रे गावची शेनिन कित्येक दशके टिकते. आपल्या उष्ण हवेत मात्र द्राक्ष पिकता पिकता आंबटपणा झपाट्याने घटतो. म्हणून नाशिकला ऑक्टोबर छाटणीनंतर थंडीत घड वाढू देतात आणि उन्हाळा तापण्याआधी तोडणी उरकतात. बाटलीत गेल्यावर दोन शत्रू उरतात, हवा आणि उष्णता. बारा-चौदा अंशांच्या अंधारात वाइनमधील बदल सावकाश होतात, ताज्या फळाचा वास जाऊन मधाचा येतो. पत्र्याखाली तेच बदल घाईने होतात आणि वाइन सुधारण्याऐवजी मरते.

अशी वाइन प्यावयाची रीतही निराळी. फ्रिजमधून काढल्याबरोबर प्यायली तर गारठ्याने वास दबतो. म्हणून ती थोडा वेळ बाहेर ठेवून, लहान पेल्यात थोडी थोडी ओतून, जेवणाबरोबर सावकाश घेतात.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका बाटलीला ५०० रुपये खर्च आला. द. सा. द. शे. १० दराने चक्रवाढ व्याज धरले, तर सहा वर्षांनी त्याच बाटलीत सुमारे ८८६ रुपये अडकलेले असतात. तळघर थंड ठेवण्याचा खर्च आणि फुटतूट वेगळीच. त्यात ही वाइन पहिल्याच वर्षी विकण्याजोगी असते. त्यामुळे मुद्दाम थांबण्याचे व्याज मालाच्या किमतीत धरता येत नाही, ते त्या त्या वर्षाचा खर्च म्हणूनच नफा-तोटा पत्रकात जाते. म्हणजे चव वाढत असताना वहीत तोटा दिसतो! लहान कुटुंबाला हे कसे परवडावे? वूव्रेतील ह्युए हे नामांकित घराणे १९२८ पासून शेनिन करीत आले. त्यांच्या १९४७ सालच्या वाइनची कीर्ती अजून गायली जाते. तरीही २००३ साली त्या मळ्याची मालकी कुटुंबाबाहेरच्या भांडवलदाराकडे गेली.

हे ऐकताना मला आमचे घर आठवत होते. आम्ही तूर पिकवतो. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण पोत्यांनी भरलेली आमची गाडी मात्र दरवर्षी खळे उरकताच अडतीवर जाते. बियाणे-खताची उधारी थांबत नाही. आवक दाटली की भाव पडतो हे वडिलांना ठाऊक नाही असे नाही. पुढे भाव चढला तर फायदा ज्याच्याकडे गोदाम आणि पैसा आहे त्याचा. आमच्याकडे कन्नडमध्ये 'स्वल्प तडी', म्हणजे जरा थांबा, असे म्हणतात. हे म्हणणे सोपे आहे, परवडणे कठीण.

यावर उपाय नाही असे नाही. मान्यताप्राप्त गोदामात माल ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज काढता येते. २००७ च्या गोदाम कायद्याने अशा पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचे स्थान दिले. पण सावधगिरी हवी. थांबल्याने भाव चढेलच असे नाही. आयात वाढली की तो कोसळतोही, जशी कपाटावरची बाटली फुकट गेली.

तेव्हा वाचकहो, जुनेपणा आपोआप मोल आणत नाही. माल टिकाऊ हवा, जागा योग्य हवी आणि मधल्या काळाचे व्याज सोसणारा कोणीतरी हवा. मामांच्या पेल्यात उतरलेला तो मधाचा वास म्हणजे शेजारच्या कुटुंबाने सहा वर्षे न घेतलेले पैसे होते. यंदा तूर निघण्यापूर्वी गोदामाच्या पावतीची सगळी माहिती काढून वडिलांसमोर ठेवायची, असे मी ठरवले आहे.