स्वस्त औषधाला वाली कोण?

धूम्रपान सोडणे हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, अशी समाजाची दृढ समजूत आहे. ज्याची विडी सुटत नाही तो मनाचा दुबळा, असा निवाडा घरचे आणि कचेरीतले सहकारी देऊन मोकळे होतात. शरीरशास्त्राचा निवाडा वेगळा आहे. धुरावाटे आत गेलेले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. त्याची सवय जडलेल्या मेंदूला ते मिळेनासे झाले की चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो आणि निश्चय बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच मोडतो. एवढ्या काळापुरता औषधाचा आधार द्यावा, हा या उपचारांमागील विचार आहे. निकोटीनयुक्त च्युइंग गम व चिकटपट्टी, बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन आणि सायटिसिन या चारही उपायांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत केली आहे.

यांपैकी सायटिसिनची हकीकत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. बहाव्यासारखे पिवळे घोस मिरवणाऱ्या लॅबर्नम या युरोपीय वृक्षाच्या बियांत हे द्रव्य असते. मेंदूत निकोटीन जेथे आपला प्रभाव पाडते त्याच जागा ते अडवते आणि तल्लफ सौम्य करते. बल्गेरियात १९६४ पासून त्याच्या गोळ्या मिळू लागल्या आणि पूर्व युरोपात त्या रुळल्या. २५ दिवसांचा क्रम आणि किंमत माफक. तरीही पश्चिमेकडील देशांनी कित्येक दशके तिकडे पाहिलेच नाही. फायझर कंपनीने सायटिसिनच्या रचनेवरूनच व्हॅरेनिक्लिन सिद्ध केले आणि त्याला २००६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याला पेटंटचे कवच होते, म्हणून त्याच्या चाचण्यांवर आणि प्रसारावर पैसा ओतणारा धनी होता. जुन्या सायटिसिनला असा धनी नव्हता. पोलंडमधील ७४० व्यक्तींवरील काटेकोर चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे गोळी बाजारात आल्यावर ४७ वर्षांनी! ज्या वस्तूत नफा थोडा, तिची उपयुक्तता सिद्ध करण्याची घाई बाजाराला नसते, याहून वेगळा अर्थ यातून काय काढायचा?

औषधाची थोरवी मात्र फुगवून सांगू नये. पोलंडमधील त्या चाचणीत वर्षभर धूम्रपानापासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण सायटिसिन घेणाऱ्यांत ८.४ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २.४ टक्के होते. म्हणजे औषध घेऊनही शंभरांतील नव्वदांहून अधिक लोक अपयशी ठरले. बांगलादेश व पाकिस्तानातील क्षयरोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. तीत सायटिसिनचा लक्षणीय जादा लाभ दिसला नाही. परंतु समुपदेशन दोन्ही गटांना मिळाले होते आणि दोन्ही गटांतील सुमारे तीस टक्के रुग्ण सहा महिने धूम्रपानापासून दूर राहिले. तात्पर्य, गोळी ही सल्ल्याची जोडीदार आहे. ती त्याची जागा घेऊ शकत नाही.

भारतात २०१६-१७ च्या पाहणीनुसार धूम्रपान करणारे प्रौढ सुमारे दहा कोटी होते आणि त्यांत विडी ओढणारे सिगारेटवाल्यांहून अधिक होते. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांच्या मनात सोडण्याचा विचार होता. इच्छा आहे, पण मार्ग खर्चिक आहे. विडीचे बंडल रोजच्या कमाईतून सुटे पैसे टाकून मिळते. उपचाराचा खर्च मात्र आधी आणि एकरकमी करावा लागतो. मजुराच्या हिशेबात आजचा रुपया पाच वर्षांनंतरच्या आरोग्याहून जड असतो. त्याला अविवेकी म्हणणे सोपे आहे, पण ती दारिद्र्याची गणिती रीत आहे. निकोटीनचे उपचार २०२२ साली राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आले, हे स्वागतार्हच. तथापि, सूचीत नाव आले म्हणजे औषध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फडताळात आले, असे होत नाही.

स्वतःहून लावून घेतलेल्या व्यसनासाठी सार्वजनिक पैसा का खर्चावा, असा आक्षेप घेतला जाईल. पण तंबाखूवरील कराच्या रूपाने व्यसनी माणसाकडून सरकार वर्षानुवर्षे वसुली करते. कर वाढविल्याने खप घटतो, हे खरे. मात्र ज्याचे व्यसन सुटत नाही त्याच्या बाबतीत तो कर निव्वळ दंड ठरतो. दंड घेणाऱ्याने सुटकेचा दरवाजाही उघडा ठेवला पाहिजे. तंबाखूच्या महसुलातील छोटा वाटा औषधे आणि प्रशिक्षित समुपदेशक यांच्यासाठी राखून ठेवला, तर पुढे कर्करोग व हृदयविकारावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने तो किरकोळ ठरेल. पेटंटवाल्या औषधाची काळजी बाजार घेईल. स्वस्त औषधाला आणि गरीब रुग्णाला मात्र शासनावाचून दुसरा वाली नाही.