दीड मिनिटाचे भूत

"नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी भुताच्या सिनेमाचा ट्रेलर करायचाय. काही केल्या ऐकत नाहीत," एका खेड्यातल्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई फोनवर सांगत होत्या. "शाळेचा मोबाइल आहे, तुकडे जोडायचं ॲपही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. पण यात विज्ञान काय दाखवायचं, सांगा!"

"भूत कसं तयार करतात, तेच दाखवू या," मी म्हटले. बोलून गेलो खरा, पण त्यामुळे पुढचे चार शनिवार मला त्या शाळेत जावे लागले. त्या चार शनिवारांत जे सुचले, फसले आणि साधले, ते इतर शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

आधी कागद, मग कॅमेरा

पहिल्या शनिवारी मुलांची गोष्ट तयारच होती. शाळेमागे एक जुने कौलारू घर आहे. तिथे पांढऱ्या केसांची एक म्हातारी राहते. संध्याकाळी त्या वाटेने गेलेला मुलगा परत येत नाही. शेवटी म्हातारी खिडकीतून बघून हसते आणि पडदा काळा होतो. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प होती.

ट्रेलर दीड मिनिटाचा करायचा ठरले. ट्रेलर या शब्दाचा मूळ अर्थ 'मागून येणारा'. सुरुवातीच्या काळात या जाहिराती मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडले. दीड मिनिट म्हणजे नव्वद सेकंद. एक तुकडा सरासरी तीन सेकंदांचा धरला तर तीस तुकडे हवेत. म्हणून फळ्यावर तीस चौकोन आखले आणि प्रत्येकात काय दिसेल, काय ऐकू येईल आणि उजेड कुठून येईल, हे मुलांकडून लिहून घेतले. प्रयोगाची आखणी करताना आपण यापेक्षा वेगळे काय करतो?

मग मी एक प्रश्न टाकला. टेबलाखाली बॉम्ब आहे. माणसे गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट होतो. किंवा, बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवले आहे आणि माणसे मात्र निवांत गप्पा मारताहेत. जास्त भीती कशात? हे उदाहरण दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक देत असे. त्याचे म्हणणे असे, की पहिल्या प्रकारात प्रेक्षक काही सेकंद दचकतो, तर दुसऱ्यात तो कितीतरी मिनिटे खुर्चीच्या कडेवर बसून राहतो. दचकणे आणि धास्तावणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोठ्या अचानक आवाजाने दचकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिचा मार्ग मेंदूच्या खालच्या भागातून, मेंदूस्तंभातून जातो आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच पापण्या मिटू लागतात. तिथे विचाराला वावच नसतो. धास्तीला मात्र माहिती लागते. पुढे काय होईल याचा अंदाज बांधणारा मेंदू लागतो. चांगल्या ट्रेलरमध्ये धास्ती पुष्कळ असते आणि दचका एखादाच.

उजेड खालून का?

अंधाऱ्या खोलीत हनुवटीखाली बॅटरी धरून मित्राला घाबरवण्याचा खेळ सगळ्यांनी खेळलेला असतो. पण तोच चेहरा खालच्या उजेडात भेसूर का दिसतो? सूर्य आणि दिवे बहुधा आपल्या डोक्यावर असतात, त्यामुळे उजेड वरून येतो हे आपला मेंदू गृहीत धरूनच चालतो. फुगवटे आणि खळगे तो सावल्यांवरून ओळखतो. उजेड खालून आला की सावल्या उलट्या पडतात. भुवयांच्या वर काळोख, नाकाखाली उजेड. ओळखीचा चेहरा असा चुकीचा वाचला जातो आणि अनोळखी वाटतो.

करून पाहा. तिरप्या उजेडात चंद्रावरच्या विवरांचा काढलेला एखादा फोटो घ्या आणि तो उलटा धरा. बहुतेकांना खड्ड्यांच्या जागी टेकड्या दिसू लागतात. फोटोत काहीच बदललेले नसते, बदलतो तो मेंदूने लावलेला अर्थ.

भिंतीवरच्या पंजाच्या सावलीसाठी मुलांना सरूप त्रिकोण वापरावे लागले. दिव्यापासून भिंत दोन मीटरवर आणि हात अर्ध्या मीटरवर असेल, तर सावली हाताच्या चौपट. हात पंचवीस सेंटीमीटरवर आणला की आठपट. म्हणजे हात दिव्याकडे नेला की सावली नुसती वाढत नाही, दिव्याजवळ येता येता ती भराभर वाढते. भिंतीवरचा पंजा अंगावर आल्यासारखा वाटतो तो याच कारणाने. ट्यूबलाइटच्या उजेडात हे साधत नाही, सावलीच्या कडा पसरट होतात. मोबाइलच्या बॅटरीसारखा लहानसा प्रकाशस्रोत असेल तरच सावली रेखीव येते.

रात्रीचे चित्रण आम्ही दिवसाच केले. मुलांना रात्री बाहेर काढायचे नव्हते हे एक कारण, आणि कमी उजेडात मोबाइलचे चित्र खरबरीत येते हे दुसरे. चित्रपटांतही ही युक्ती फार जुनी आहे. उजेडाचे प्रमाण कमी करायचे, रंगात थोडी निळसर झाक आणायची आणि आभाळ चौकटीत येऊ द्यायचे नाही. निळीच झाक का? चांदणे काही निळे नसते, तो सूर्याचाच परावर्तित प्रकाश. पण मंद उजेडात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी नीट काम करत नाहीत, तिथे दंड पेशींचे राज्य सुरू होते. दंड पेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला अधिक आणि तांबड्याला फारच कमी प्रतिसाद देतात. म्हणून तिन्हीसांजेला जास्वंदीचे लाल फूल काळपट होते आणि त्याची पाने मात्र अजून दिसत असतात. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. बागेतल्या एका झुडपापाशी अर्धा तास बसून मुलांना हा परिणाम स्वतः पाहता येईल.

कानाने पाहिलेली भीती

तिसऱ्या शनिवारी आवाज. हिचकॉकचा 'सायको' (१९६०) हा चित्रपट आपण मुलांना दाखवणार नाही, पण त्याची जडणघडण सांगण्यासारखी आहे. त्यातल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगासाठी सात दिवस चित्रण चालले, सत्तरहून अधिक कोनांतून. पडद्यावर सुरी अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही. चित्रपट कृष्णधवल असल्याने रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक चालून गेला आणि सुरीच्या घावांचा आवाज खरबूज भोसकून काढला होता. बर्नार्ड हरमन या संगीतकाराने संगीतासाठी फक्त तंतुवाद्ये वापरली. त्या व्हायोलिनच्या किंचाळ्या आजही अंगावर काटा आणतात.

किंचाळीतच असे काय असते? साध्या बोलण्यात आवाजाची पातळी सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होते, साधारण शब्दावयवांच्या गतीने. किंचाळीत हीच चढउतार सेकंदाला ३० ते १५० वेळा होते. त्यामुळे आवाज खरखरीत लागतो आणि जितकी खरखर अधिक तितका तो अधिक भयावह वाटतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. प्राण्यांची पिल्ले संकटात ओरडतात तेव्हाही त्यांचा आवाज असाच फाटतो. कॅलिफोर्नियातले डॅनियल ब्लमस्टीन हे मार्मोट नावाच्या डोंगरी खारींच्या ओरडण्याचा अभ्यास करतात. त्यांनी व सहकाऱ्यांनी २०१० साली चित्रपटांचे ध्वनिपट तपासले, तेव्हा भीतिपटांत फाटलेल्या, बेसूर आवाजांचा वापर अपेक्षेपेक्षा जास्त आढळला. संगीतकारांनी जीवशास्त्र वाचलेले नव्हते, पण त्यांच्या कानांना ते ठाऊक होते.

आम्ही प्रयोग केला तो असा. दार हळूहळू उघडते, एवढाच दहा सेकंदांचा तुकडा घेतला. त्याच्या तीन प्रती केल्या. एक मुकी, दुसरीवर बासरी, तिसरीवर फळ्यावर घासलेल्या खडूचा आवाज. आठवीच्या मुलांचे तीन गट करून प्रत्येक गटाला एकच प्रत दाखवली आणि 'दारामागे कोण असेल?' एवढेच विचारले. बासरीवाल्या गटात आई, पाहुणे, मांजर अशी उत्तरे आली. खडूवाल्या गटात चोर आणि मुडदा. चित्र तिन्हींत एकच होते. इतक्या थोड्या मुलांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. पण एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे तेच ठेवायचे, हा प्रयोगाचा नियम त्यांना त्या दिवशी न शिकवता कळला.

चेहरा तोच

शेवटी उरले तुकडे जोडणे. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला वेगवेगळी दृश्ये जोडली. सूपची थाळी, शवपेटी वगैरे. प्रेक्षकांना तोच चेहरा कधी भुकेला वाटला, कधी दुःखी. हे शाळेत सहज करता येते. आमच्या शिपाईकाकांनी आनंदाने चेहरा दिला. पाच सेकंद, कोणताही भाव न आणता. मुलांनी त्यापुढे आधी गरम भाताचे ताट जोडले, मग रिकामा पाळणा, मग कोयता. वर्ग प्रत्येक वेळी ओरडत होता, "काका, काय ॲक्टिंग केलीत!" काका म्हणाले, "मी तर घड्याळाकडे बघत होतो."

हसे ओसरल्यावर ती मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, त्या घरातली म्हातारी माझी चुलत आजी आहे. गावात तिला चेटकीण म्हणतात. ती नुसती खिडकीत बसते. मग लोक पण तिच्या चेहऱ्याला असंच काहीतरी जोडतात ना?"

माझ्या व्याख्यानात हा मुद्दा नव्हता. वर्गात कुणी काही बोलेना. मग बाईंनीच बोलायला सुरुवात केली. कुणाचे वासरू मेले, कुणाला ताप आला, की लोक तो तुकडा उचलतात आणि एकट्या राहणाऱ्या बाईच्या चेहऱ्यापुढे लावतात. दोन घटना एकामागून एक आल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असे नव्हे, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकवतो, पण त्याचे असे उदाहरण देत नाही. एखादी व्यक्ती करणी करते, काळी जादू करते असे जाहीर करून तिला त्रास देणे हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही बाईंनी सांगितले. पण मला वाटते, कायद्याच्या कलमापेक्षा काकांचा तो चेहरा मुलांना जास्त काळ लक्षात राहील.

गोष्ट बदलायची हे मुलांनीच ठरवले. म्हातारी गेली, घरही गेले. नव्या ट्रेलरमध्ये भूत दिसतच नाही. एक रिकामा वर्ग, आपोआप हलणारा पंखा, वाढत जाणारी सावली आणि फळ्यावर एकेक अक्षर उमटणारे नाव. तो फळा मुलांनी दर अक्षरानंतर कॅमेरा थांबवून केला होता. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १८९६ सालीच ही युक्ती पडद्यावर आणली होती. चित्रे ठरावीक अंतराने घेण्याची तिची बहीण दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्याही (१९१३) आधी कुंडीतल्या रोपाची वाढ दाखवण्यासाठी वापरली.

एक अडचण राहिली होती. जमिनीखालून आल्यासारखी घरघर हवी होती. ती त्या मुलीने आणली, आजीच्या घरातल्या जात्याचा आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून. तो निम्म्या वेगाने वाजवला की प्रत्येक कंपनाला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे वारंवारता निम्मी होते आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली उतरतो. पोटात गोळा येईल अशी घरघर!

प्रदर्शनात मुलांनी आधी ट्रेलर दाखवला, आणि प्रेक्षक नीट घाबरल्यावर शेजारच्या टेबलावर तो कसा केला ते. बॅटरी, पुठ्ठ्याचा पंजा, खडू, सगळे मांडून ठेवले होते. शिक्षकांना एवढेच सुचवेन की ही दुसरी बाजू कधीही गाळू नये. नुसता ट्रेलर दाखवला तर आपण गावाच्या भीतीत दीड मिनिटाची भर घालू. आणि लहान वर्गांना आधी दुसरे टेबल दाखवावे, मग ट्रेलर.

नात आजीला हात धरून घेऊन आली होती. अंधाऱ्या वर्गात घरघर सुरू झाली, पुढच्या रांगेतली पोरे एकमेकांना बिलगली, आणि मागून आजीचा आवाज आला, "अगं बाई, हे तर माझं जातं!"

सगळा वर्ग हसला. त्यानंतर ती घरघर कुणालाच भीतीची वाटली नाही.